छपरीतली सीट

सोमाजीनं त्या रेसला जितक्या शिव्या घातल्या, तितक्या अख्ख्या वडशात कोणी घातल्या नसतील. पोरगा निकेश शिकला, खतांच्या कंपनीत लागला, गावोगाव फिरायला स्वतःची गाडी घेतली, जुनी का होईना पण घेतली, आणि करायचं काय, तर शनिवार आला की तिच्या आतल्या सीटा उपटायच्या! ड्रायव्हरची सीट काढायची आणि तिच्या जागी ती लाल, खोल, अंगाला आवळून धरणारी रेसची सीट बसवायची. बाजूची आणि मागची काढून गाडी हलकी करायची. मग रविवारी उजाडायच्या आधी चंद्रपूरची वाट धरायची. तिथं गावाबाहेरच्या पडीक मैदानावर चारदोन हौशी पोरं जमत. मातीत चुन्यानं वाट आखलेली असे, एकेकानं त्यावरून गाडी पळवायची आणि दुसऱ्यानं घड्याळ लावून बसायचं. बक्षीस म्हणाल तर एक कप, तोही निकेशला कधी मिळाला नाही. सोमवारी सकाळी पुन्हा पाना हातात, सगळं होतं तसं. कारण सोमवारी त्याच गाडीत साहेब बसायचे, त्याच गाडीतून ब्रह्मपुरी-नागभीडची दुकानं करायची होती.

सोमाजीच्या मते हे शुद्ध येडेपण होतं. चांगल्या गाडीचं आतडं काढून धुळीत लोळवायची, याला काय म्हणावं? सून रंजीता सासऱ्याच्या बाजूनं. बायको सुगंधाबाई कोणाच्याच बाजूनं नाही, पण रविवारी पोरगा परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. एकूण काय, घरात निकेशच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. तो बिचारा खाली मान घालून बोल्ट खोलायचा.

आणि मग एका शनिवारी सोमाजी फिरला. का फिरला, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सोमाजीची सगळी उमर राईस मिलमध्ये गेली होती. धानाच्या कोंड्याची धूळ नाकातोंडात जायची ती जायचीच, कोण लक्ष देतो? मिल सुटली आणि मग छातीनं हिशेब मागायला सुरुवात केली. उभा असला की ठीक, बसला की ठीक. आडवा झाला की मात्र छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यागत व्हायचं. रात्र रात्र तो खाटेवर भिंतीला टेकून बसायचा. कोणी विचारलंच तर म्हातारपणी झोप कुठून येणार, म्हणून हसण्यावारी न्यायचा. दुपारी चावडीपाशी बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा, लोक हसायचे.

सांगायचं का नाही? तर पत्रूमुळे. पत्रू मिलमधला त्याचा जोडीदार, त्यालाही हेच. त्यानं पोरांना सांगितलं, पोरांनी नागपूरला नेलं, आणि तो घरी आला तो नाकात नळी घालूनच. पुढं त्या नळीला बांधलेल्या ढोरासारखा खाटेवरच राहिला आणि तिथंच गेला. त्याच्या मातीहून परतताना सोमाजीनं मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या छातीचं नाव कोणाजवळ काढायचं नाही. हट्टी माणूस. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

अशात तो शनिवार आला. निकेशनं काढलेली ड्रायव्हरची सीट उंदरांच्या भीतीनं कोठीत न ठेवता घरापुढच्या छपरीत आणली, खाली दोन फळ्या ठोकून तिला नीट उभी केली. सोमाजी संध्याकाळी चहा प्यायला सहज तिच्यावर टेकला. बाजूचा खटका हाताला लागला, पाठ हळूच मागं गेली, थोडी अजून गेली, आणि एका ठिकाणी थांबली. तिथं, ना बसलेला ना निजलेला अशा त्या जागी, सोमाजीच्या छातीवरचं पोतं उतरलं. चहा तसाच राहिला. अंगावर कोणी गोधडी टाकली तेही त्याला कळलं नाही. रात्री सुगंधाबाईनं उठून त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला, इतका तो शांत झोपला होता. सकाळी कोंबड्यानं उठवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी झोपला होता तो!

रविवारी रात्री पुन्हा तसंच. सोमवारी सकाळी निकेश पाना घेऊन आला आणि सीट घेऊन गेला.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर भंगारातून एखादी सीट आण म्हणून पोराला सांगायचं. निकेशनं दुसऱ्याच दिवशी आणली असती. पण त्यानं काऊन, कशासाठी, म्हणून विचारलं असतं, आणि त्या काऊनच्या मागं नागपूर उभं होतं. तेव्हा सोमाजीनं तोंड शिवलं आणि दुसरीकडून बोलायला लागला. रेस चांगली हाय, म्हणाला. जवान माणसाले एक हौस पायजे, म्हणाला. शनिवारी दुपार झाली की अंगणात फेऱ्या मारायचा, अजून पाना निघाला नाई का म्हणून विचारायचा. सीटेचे बोल्ट हरवू नयेत म्हणून ते स्टीलच्या वाटीत घालून वाटी जपायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. रंजीतानं एकदा कुरकुर केली तर तिलाच दटावलं. मामाजीला झालं तरी काय, म्हणून ती बघतच राहिली.

निकेशला मात्र स्वर्ग ठेंगणा झाला. जन्मभर ज्या बापानं पाठीवर हात ठेवला नाही, तो आता त्याच्या हौसेच्या मागं उभा होता. चंद्रपूरच्या पोरांना तो सांगायचा, आमच्या बाबांची साथ हाय. एकदा तरी पाहायला चला म्हणून त्यानं किती गळ घातली. पण रविवारची दुपार म्हणजे सीट मोकळी, छपरीत उबदार ऊन, आणि पोटभर झोप. सोमाजी म्हणायचा, तू जा बाप्पा, मी पुढच्या खेपेले येतो. पुढची खेप कधी आली नाही.

यंदाच्या थंडीनं सोमाजीला पार खाल्लं. वैनगंगेवरून धुकं यायचं ते दहा वाजेपर्यंत हटायचं नाही. त्या आठवड्यात तर त्यानं एकही रात्र पाठ टेकली नाही. शुक्रवारी रात्री सूरपेटीचे सूर कुठल्याशा नाटकाच्या तालमीतून येत होते, आणि हा भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, उद्या शनिवार, उद्या शनिवार एवढंच घोकत होता. उपाशी माणूस पंगतीची वाट पाहतो तशी त्यानं त्या सीटेची वाट पाहिली.

शनिवारी निकेश दुपारीच घरी आला तो तापानं फणफणलेला. गडचिरोलीकडच्या दौऱ्यावर थंडी बाधली होती. डोळे लाल, अंग मोडलेलं. रंजीतानं त्याला निजवलं, कपाळाला हात लावला आणि उद्या जाणं रद्द म्हणून सांगून टाकलं. निकेशनंही हट्ट धरला नाही. या खेपेले राहू द्या, एवढंच म्हणाला आणि कूस बदलली.

सोमाजी दारात उभा होता. आता तिथून तो मुकाट्यानं निघून गेला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण तो आत आला.

"थोडीशी कणकण हाय रे," तो म्हणाला. "गोळी घे अन् जा. अंग तापलं म्हणून निजला का माणूस निजूनच राह्यते. मी म्हणून राह्यलो न, जा."

रंजीता काहीतरी म्हणायला गेली, पण निकेश उठून बसला होता. बापाकडे पाहून हसला. बाबा म्हणतात तर जातो, म्हणाला. त्यानं गोळी घेतली, स्वेटर चढवला आणि अंगणात जाऊन पाना काढला. हात कापत होते, एक बोल्ट दोनदा खाली पडला. सोमाजीनं तो उचलून वाटीत टाकला. खोटं कशाला बोला, त्या वेळी त्याला पोराचा ताप दिसत होता. दिसत होता आणि तरीही त्याची नजर सीटेवर होती.

त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला. पहाटे गाडी सुरू झाली, फाटक वाजलं, पोरगा निघून गेला, याला पत्ता नाही.

फोन दुपारी आला. प्रफुल्लचा, निकेशच्या जोडीनं रेस करणाऱ्या चंद्रपूरच्या मित्राचा. एका वळणावर निकेशनं ब्रेक उशिरा मारला. कधी चुकत नसे तो तिथं. गाडी चुन्याची रेघ सोडून सरळ गेली आणि बाजूच्या चरात नाकावर आदळली. रेसच्या सीटेनं आणि पट्ट्यांनी धरून ठेवलं म्हणून जीव वाचला. पण पाठीचा मणका गेला होता, आणि त्याला नागपूरला हलवत होते. रंजीता फोन घेऊन छपरीत आली तेव्हा सोमाजी सीटेवर उन्हात डोळे मिटून पडला होता. तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता पहिली गोष्ट त्यानं ही केली की खटका दाबून सीट सरळ केली. त्या खटक्याचा आवाज त्याला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत होता.

ज्या नागपूरला भिऊन तो गप्प राहिला होता, त्याच नागपूरच्या दवाखान्यात मग त्यानं बाकड्यावर बसून रात्री काढल्या. तिथं त्याला कोणी विचारलं नाही की झोपत का नाही. तिथं कोणीच झोपत नव्हतं. ऑपरेशन झालं. पायाची बोटं थोडी हलतात, पण पोरगा चालेल का, यावर डॉक्टर पाहू म्हणाले.

गाडी भंगारात गेली. प्रफुल्लनं लाल सीट तेवढी काढून ठेवली होती, ती आणून देऊ का म्हणून विचारलं, रंजीतानं नको म्हणून सांगितलं. घरची सीट छपरीत होती तशी होती. फळ्यांवर उभी, धूळ बसलेली, बाजूला बोल्टांची वाटी. सोमाजी तिच्याकडे पाठ करून भिंतीशी बसायचा. एका सकाळी सुगंधाबाईनं ओल्या फडक्यानं ती पुसली. सगळं ठाऊक होतं तिला. त्या छातीशेजारी जन्म काढलेली बाई, तिला काय सांगावं लागतं? फडकं पिळत ती म्हणाली, "बसा न आता. आता सोमवारी कोणी नेत नाई." आवाज चढवला नाही, रडली नाही. फडकं वाळत घातलं आणि आत गेली. सोमाजीला वाटलं, हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग निकेशला घरी आणलं. उताणं निजायचं, डोक्याखाली उशीसुद्धा नाही, उठून बसायचं नाव नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हवा लागावी म्हणून त्याची खाट छपरीतच टाकली, सीटेला लागून. बाप निजू शकत नव्हता आणि पोरगा बसू शकत नव्हता. सोमाजी दिवसभर त्याच्यापाशी राहायचा, पाणी पाजायचा, माशा हाकलायचा, पाय चोळायचा. सांगून टाकावं असं रोज मनात यायचं. रोज तोंड उघडायचा आणि आज ऊन कडक हाय, असलंच काही बोलायचा.

एका रविवारी जेवणं झाल्यावर रंजीता आत गेली. निकेश छताकडे पाहत पडला होता. चंद्रपूरला आज गाड्या लागल्या असतील, म्हणाला. सोमाजीनं हं म्हटलं. मग निकेशनं विचारलं, तुमी त्या भिंतीले टेकून काऊन बसता रोज? सीट हाय न. सोमाजी म्हणाला, मले इथी बरं हाय.

"बसा बाबा, तुमचीच जागा हाय ते," निकेश म्हणाला. "रंजीता म्हणते, रेसनं वाटोळं केलं. करू दे. पण घरात तुमी एकलेच होते माया बाजूनं. त्या दिवशी बी तुमीच जा म्हणाले. मी बरा झालो का दुसरी गाडी घेऊ. तवा पाह्याले याल न?"

सोमाजीनं सगळं सांगायला तोंड उघडलं. तो नुसता बोलला असता तर निदान छातीवरचं ते एक ओझं उतरलं असतं. पण पोराच्या तोंडावर इतक्या दिवसांनी थोडं हसू आलं होतं, आणि ते हसू कशावर उभं आहे हे एकट्या सोमाजीला ठाऊक होतं. ते पाडायची त्याची छाती झाली नाही.

"येईन न," तो म्हणाला.

निकेश पुन्हा बसा म्हणाला. पोरानं सांगितलं म्हणून तो उठला आणि सीटेवर बसला. पाठ मागं जाऊ द्यायची नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण निकेशनं निजल्या निजल्या हात लांब केला, आणि बापाच्या बाजूचा खटका स्वतःच दाबला. पाठ मागं गेली आणि रोजच्या ठिकाणी थांबली. सोमाजीला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. त्यानं डोळे ताणून उघडे ठेवले, खाटेच्या दांडीला घट्ट धरून ठेवलं. पण त्या बेशरम छातीला कशाचं काय! ती मोकळी झाली, श्वास खोल गेला, दांडीवरचा हात सुटला.

दिवेलागणीला सुगंधाबाई चहा घेऊन आली. निकेशनं तिला हळू बोल म्हणून खूण केली. बाबांना झोप लागली होती.