उलटा डबा

“हे पत्र तुमच्या मित्रानं लिहिलेलंच नाही, सर. शंभर टक्के,” असे म्हणत बँकेच्या अधिकाऱ्याने ऑनलाइन फसवणूक ओळखण्याच्या छापील पत्रकावरच्या तीन खुणांवर टिचक्या मारल्या. घाई, गुप्तता, फोनची मनाई.

शालिकरामांनी मोबाइलवरची ईमेल पुन्हा उघडली. ‘आजच अडीच लाख पाठव. फोन करू नकोस. कोणालाही सांगू नकोस. पंजाबराव.’ तिन्ही खुणा जागच्या जागी होत्या. चौथी मात्र पत्रकात नव्हती. सहीखाली एक ओळ होती: ‘डबा उलटा आहे.’

अमरावतीत दोघे एका खोलीत राहून शिकले. ज्याच्याजवळचे पैसे संपत, तो आपला जेवणाचा डबा फळीवर उलटा ठेवी. दुसरा न विचारता मेसचे पैसे भरी. ही गोष्ट दोघांनी बायकांनाही सांगितलेली नव्हती. ती चोराला कळण्याची शक्यता किती, हे पत्रकात कुठेच नव्हते. खरोखर घाबरलेल्या माणसाच्या खुणाही ह्याच तीन असतात, हेही नव्हते.

“डिलीट करा,” अधिकारी म्हणाला.

“तुमचं पत्रक फार विद्वान आहे,” शालिकराम म्हणाले आणि उठले. बाहेर येऊन त्यांनी पंजाबरावांना फोन लावला. दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मध्येच तोडला गेला. तिसऱ्यांदा लावायला बोट धजेना. पैसे न पाठवता त्यांनी अकोल्याची एसटी धरली.

पंजाबरावांच्या जठारपेठेतल्या घरी भरदुपारी सगळे पडदे ओढलेले होते. त्यांच्या पत्नी माणिकबाईंनी दार बोटभर उघडले.

“भाऊजी, हळू बोला. दोन दिस झाले, यायच्या खोलीले आतून कडी हाये. जेवनाचं ताट दाराशी ठेवाले लावते. आत कोनी मानूस दरडावते, पन घरात तर कोनीच आलं नाही.”

शालिकरामांनी आतल्या दाराला तोंड लावले. “पंज्या, डबा पाहाले आलो.”

बऱ्याच वेळाने कडी निघाली. टेबलावर मोबाइल तांब्याला टेकवून उभा होता. पडद्यावर खाकी गणवेशातला माणूस होता, मागे न्यायालयाचे चित्र. “कौन आया है? कैमरे के सामने आओ!”

शालिकरामांनी मोबाइल उचलून बंद केला.

“बंद नको करू! अटक करतीन मले!” पंजाबराव मोबाइलकडे झेपावले.

“व्हिडिओवर अटक करणारा पोलीस अजून जन्माले यायचा हाये, बावळटा. पैसे देल्ले काय?”

“नाही. म्हनून तर तुह्याकडून मागाले लावले.”

“बँकवाला म्हनते, ते पत्र तुहं नोहेच.”

पंजाबराव खाटेवर बसले आणि उघड्या दारातल्या माणिकबाईंकडे न पाहता म्हणाले, “मीच लिहिलं, शालक्या. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. डबा तेवढा माह्या मनचा.”