कुरडयांवरचे निळे ठिपके

१९५६ च्या एप्रिलात दिघीच्या कौशल्याबाई घराच्या धाब्यावर कुरडया वाळत घालत होत्या, तेव्हा फ्लाइंग क्लबचं एक छोटं विमान डोक्यावरून गेलं. इतकं खालून, की त्यांचा पदर उडाला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. विमान गावाबाहेरच्या नांगरटीत उतरलं, घसरत गेलं आणि नाकावर उभं राहिलं.

बाई धावल्या. आतून विशीतला वैमानिक इम्तियाज बाहेर आला. ओठ फुटला होता, बाकी धडधाकट. बाईंनी त्याला गूळपाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला लक्ष्मणराव नावाचे अधिकारी आले. टाकीचं झाकण निघालेलं होतं, टाकी ठणठणीत कोरडी होती आणि खाली मातीतही पेट्रोलचा थेंब नव्हता.

"पेट्रोल न बघताच उडालास," ते इम्तियाजला म्हणाले. "परवाना जाणार तुझा."

"साहेब, टाकी भरलेली होती. मी स्वतः पाहिली."

"मग गेलं कुठं?"

"माझ्या कुरडयांवर सांडलं की!" गर्दीतून कौशल्याबाई बोलल्या. लोक हसले. बाई मात्र तडक घरी गेल्या आणि सूप घेऊन आल्या. पांढऱ्या कुरडयांवर निळे ठिपके होते. "माझ्या आंगावर बी पडलं. रॉकेलावानी वास येत व्हता."

लक्ष्मणरावांनी एक ठिपका नखाने खरवडला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"विमानाच्या पेट्रोलात ओळखीसाठी रंग घालतात. म्हणजे टाकीचं झाकण हवेतच उडालं, अन् वाऱ्यानं सगळं पेट्रोल ओढून घेतलं! मला वाटलं, आपटल्यावर निघालं. बाई, या पोराला दोष देऊन मी मोकळा झालो असतो, अन् पुढच्या महिन्यात दुसरं विमान पडलं असतं."

इम्तियाजने बाईंचे पायच धरले.

लक्ष्मणरावांच्या अहवालावरून क्लबात नियम झाला: झाकण साखळीने टाकीला जखडायचं, आणि उड्डाणाआधी दोघांनी तपासून सही करायची. वर्षभरात इतर क्लबांनीही तो उचलला.

दिवाळीत क्लबची जीप दिघीत आली, बाईंना न्यायला. विमानात बसण्याआधी त्यांनी शिडीवर चढून झाकण स्वतः हलवून पाहिलं.

"घट्ट हाय. चल लेकरा."

वर गेल्यावर आधी त्यांनी डोळे गच्च मिटले. मग एक उघडला. खाली इंद्रायणी चांदीच्या तारेसारखी चमकत होती. बाई खदखदून हसायला लागल्या.

"मावशी, उतरायचं का?" इम्तियाज ओरडला.

"न्हाई रं! आळंदीवरनं अजून एक फेरी मार!"