पुढच्या बाकावरचा उमेदवार

"सिरिल, माझ्या चहाच्या ट्रेवर हे काय आणून ठेवलंस?"

"तुझ्या साहेबांची न्याहारी," सिरिल म्हणाला.

ते ब्रेकचं लायनर होतं. जळून काळं पडलेलं, मधोमध तडकलेलं. सिरिल आमच्या हॉर्नशॉच्या बस डेपोचा फोरमन. नगरपालिकेच्या पायऱ्या तो उगाच चढत नसे.

विल्फ्रेड ॲक्रॉइडसाहेबांनी ते उचलून नखानं खरवडलं. युद्धात ते बॉम्बफेकी विमानांवर इंजिनियर होते, मग अठरा वर्षं डेपोचे मॅनेजर, आता नगरसेवक आणि परिवहन समितीचे अध्यक्ष. मी त्यांची डेपोपासूनची टायपिस्ट. माणूस बदलला नव्हता, फक्त खुर्च्या बदलल्या होत्या.

"किती गाड्या?"

"सहा. सगळ्या टॉलगेटच्या उतारावरच्या. एकदा रस्ता गोठला की मला विचारायला येऊ नकोस, विल्फ. आत्ताच काढ त्या."

"काढतो," साहेब म्हणाले. आणि त्यांना खरंच काढायच्या होत्या.

पण तीन आठवड्यांवर पोटनिवडणूक होती आणि पार्लमेंटसाठी पक्षाचे उमेदवार तेच होते. नगरपालिकेच्या सभेच्या आदल्या दिवशी पक्षाची बंद दाराआड बैठक झाली. चहा ओतायला मी होतेच.

"गाड्या काढल्या तर वरच्या वस्तीतली माणसं कामावर उडत जाणार का?" पक्षाचे पुढारी क्लिफर्ड ग्रीनहाल म्हणाले. "आणि मतं त्यांच्याकडेच मागायचीत ना तुला? नव्या गाड्या मार्चमध्ये येतायत. तोवर चालव."

"तोवर हिवाळा आहे, क्लिफर्ड."

"हिवाळा दरवर्षीच असतो."

अकरा विरुद्ध एक. आमच्याकडे असं असतं : बंद खोलीत एकमेकांची गचांडी धरा, पण तिथं एकदा ठरलं की बाहेर सगळ्यांचे हात एकदम वर, आणि तोंडं बंद. दुसऱ्या दिवशी सभागृहात साहेबांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. पण गेला.

शुक्रवारी मी आमच्या वरच्या वस्तीतून साडेसातच्या बसमध्ये, त्या सहांपैकीच एका गाडीत, चढले तर खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरच्या काचेमागच्या पहिल्या बाकावर, साहेब बसलेले. ते राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, दारात स्वतःची मोटार.

"मोटार बिघडली का, मिस्टर ॲक्रॉइड?"

"नाही, एनिड. आमच्या विमानतळावर एक रीत होती. दुरुस्तीच्या कागदावर ज्यानं सही केली, त्यानं पहिल्या उड्डाणाला आत बसायचं. मग सही जपून होते."

"मग हे लोकांना सांगा ना."

"बोलायचं नाही असं ठरलंय." ते म्हणाले. "बसायचं नाही, असं कुठं ठरलंय?"

उतार लागला तशी त्यांची गुडघ्यावरची मूठ पांढरी पडली. खाली पोचल्यावरच ती उघडली.

त्यांना वाटलं असावं, कुणीतरी विचारेल, घाबरेल, बोभाटा होईल. झालं भलतंच. खाटकाच्या दुकानातली मिसेस सग्डन उतारावर बसला भिऊन आजवर कायम चालत जायची. चौथ्या दिवशी ती धापा टाकत चढली. "म्हटलं, विमानातला माणूस ज्या गाडीत बसतो, तिला काय धाड भरलीय! सरक गं जरा." आठवड्याभरात उभं राहायलाही जागा उरली नाही.

मग ग्रीनहाल फोटोग्राफर घेऊन आले. पत्रकावर फोटोखाली मजकूर छापला : 'तुमचा माणूस, तुमच्या बसमध्ये.'

"हे वाटू नका," साहेब म्हणाले.

"वाटून झालं. पुढच्या फोटोला जरा हस, विल्फ."

सिरिल तर तोंडावरच बोलला, "तू त्यांना घाबरवायला बसलायस की बोलवायला?"  साहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. न येऊन तरी काय करणार? लोक तर चढतच होते.

ते भरघोस मतांनी निवडून आले. वरच्या वस्तीनं एकगठ्ठा मतं दिली.

शनिवारी ते टेबल आवरायला आले. लंडनची आगगाडी सोमवारी सकाळची होती. कोट घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "एनिड, सोमवारपासून तू चालत जात जा."

"मी जाईन, मिस्टर ॲक्रॉइड. बाकीच्यांचं काय?"

त्यांनी टोपी हातात घेतली, आतून पाहिली, जणू उत्तर तिच्यात लिहिलं होतं. मग डोक्यावर चढवली आणि गेले.

सोमवारी रस्ता काचेसारखा चकाकत होता. स्टॉपवर रांग होती.

"का गं, चालत निघालीस?" मिसेस सग्डननं हटकलं.

"कंबर धरलीय. जरा मोकळी होईल," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

भिंतीला धरून निम्मा उतार उतरले, तेवढ्यात मागून बस आली. दारापर्यंत खच्चून भरलेली. पहिला बाक मात्र लोकांनी मानानं रिकामा ठेवला होता. मिसेस सग्डननं माझ्याकडे बघून काचेवर टिचक्या मारल्या, हसली. ड्रायव्हर समोर बघत होता.

बस माझ्या शेजारून नेहमीपेक्षा जरा वेगानं गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी तिथंच दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिले आणि ऐकत राहिले.