बाबांचं बटण

सकाळपासून कॉम्प्युटरने एकदाही हाक मारली नव्हती. ती स्वयंपाकघरातून डोकावली, तर नवऱ्याचे ओठ कोरडे ठणठणीत.

पक्षाघाताने त्याची वाचा नेली, हातपाय नेले. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. त्या बोटासाठी लेकीने खाटेला बटण बांधलं होतं. बटणाची वायर इवल्याशा सर्किट बोर्डाला, बोर्डाची केबल कॉम्प्युटरला, आणि त्याच्या पडद्यावर रंगीत ठोकळे एकाला एक जोडून केलेला प्रोग्राम. बटण दाबलं की लेकीच्या आवाजात हाक यायची, "अगं, ऐकलंस का?" लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस मला गोड आवाजात बोलावतोय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

तिचा फोन जाताच लेक कामावरून धावत आली. "बोर्ड आणि ठोकळे एकमेकांशी बोलत नसणार."

"भांडले असतील."

"आई, गप गं." तिने केबल बदलली. मग पोर्ट तपासला. "दुसरा एखादा प्रोग्राम ही लाइन धरून बसला की आपला मुका होतो."

"म्हणजे तुझी आत्या. फोन धरला की सोडत नाही."

लेक हसली नाही. तिने पडद्यावरच्या बाकीच्या खिडक्या बंद केल्या, बोर्डात प्रोग्राम नव्याने भरला. 'जोडले गेले' अशी हिरवी अक्षरं आली. तरी हाक काही आली नाही.

बटणाला घरात दुसरं कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. उगाच हाक गेली की आईची धावपळ व्हायची. आज तो तिनेच मोडला. अंगठ्याने बटण दाबलं.

"अगं, ऐकलंस का?"



"मग बोट गेलं का गं?" लेकीने विचारलं.

तिने नवऱ्याचं बोट उचलून बटणावर ठेवलं. "दाबा बघू."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बोट हललं. सावकाश बटणावरून उतरलं आणि चादरीवर जाऊन पडलं.

"चालतंय की बोट!" लेक म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडातच राहिलं.

आईने चमच्याने त्याच्या ओठांना पाणी लावलं. ते गालावरून ओघळलं. तिने पदराने टिपलं.

"सोडवू का गं वायर?" लेकीने हळूच विचारलं.

"असू दे." तिने खुर्ची ओढून खाटेला चिकटवली. "नका बोलावू मग," ती त्याला म्हणाली. "मी उठतच नाही इथून."