भिंतीतला कापूस

नत्थुजीनं गोणपाटाच्या भिंतीला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

प्राध्यापक महादेवरावांनी टेपचं रीळ उलटं फिरवून पुन्हा लावलं. रिळावर त्यांची विद्यार्थिनी शालू बातम्या वाचत होती. ती श्वास घ्यायला थांबली, तिथं कुणीतरी खोकलं. कोरडं, म्हातारं.

"चौथं रीळ हे. खोलीत तू एकटी, दार बंद. मग खोकतं कोण?"

"मी नाही, सर. मी काय म्हातारी झाली काय?" शालू फणकारली.

कॉलेजच्या नव्या इमारतीतली ही आवाज भरायची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून गादीवाल्या नत्थुजीनं चारी भिंतींवरच्या लाकडी चौकटींत कापूस भरून वर गोणपाट शिवलं होतं.

"सोमवारी नागपूरचे साहेब येतात. तोवर हे थांबलं नाही, तर सगळा कापूस काढून जाळायचा. कोणता भरलास रे?"

"आपलाच, सर. वऱ्हाडचा."

भरताना दारामागच्या शेवटच्या चौकटीला कापूस कमी पडला होता. त्याच दिवशी घरून दोनदा निरोप आला. माय बोलावते, तुझ्या हातचं पाणी पाज म्हणते. 'एवढी चौकट झाली का येतो म्हना,' त्यानं सांगितलं. तो पोचला तेव्हा गेलेल्या मायचं, सुंदराबाईचं, तोंड उघडंच राहिलं होतं. तिची गादी मसणात टाकायची, तर त्याचा हात होईना. त्यानं ती उसवली, कापूस पिंजला आणि चौकट पुरी केली.

"सर, मले घडीभर एकटं राहू द्या."

दार लागलं. स्वतःचं रक्त कानात वाजावं इतकं आत शांत होतं. त्यानं गोणपाट उसवलं. तेवढाच कापूस दुपट्ट्यात बांधला आणि रिकामी चौकट बाहेर ठेवलेल्या नव्या पोत्यातल्या कापसानं भरली.

शालूनं पुन्हा वाचलं. रीळ स्वच्छ निघालं.

"वा! काढलेला तो जाळून टाक," महादेवराव म्हणाले.

"हो, सर."

घरी त्यानं गाठोडं सोडलं. जमुनानं कापूस लगेच ओळखला.

"अवो, मसणात टाकाचं ते घरात काहून आनलं?"

कापूस उशीत भरून त्यानं खोळ शिवली. भर दुपारी ओसरीत आडवा होऊन उशीवर कान टेकला. बराच वेळ तो हलला नाही. मग उठून बसला.

"जमुना, गडवाभर पाणी आन."

"तहान लागली?"

"मले नाही," नत्थुजी म्हणाला.