फक्त ॲडमिन लिहू शकतात

प्रोग्रॅमिंगचा ग्रुप चालवायचा म्हणजे लोकांनी आपल्या दारात खरकटं टाकायचं आणि आपण रोज उठून ते उचलायचं. किळस येते हो! सकाळी मोबाइल उघडला की आधी गुलाब, गुलाबाखाली सुविचार. पाठवणारे खुद्द माझे सासरे. निवृत्तीनंतर कोड शिकतो म्हणाले, बायकोनं गळ घातली, मी घेतलं. आजवर एक ओळ लिहिलेली नाही. "बाबांना काढलंस ना, तर माझ्याशी गाठ आहे," असं बायकोनं बजावून ठेवलंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

बाकीचेही एकेक नग. कोर्सवाला रोज 'शेवटच्या काही जागा' विकतो. एक भाषावीर आहे, त्याला कोडमधलं काहीही विचारा, तो म्हणतो, "भाषाच बदला." उरलेले 'मलाही कळवा' एवढंच लिहितात. काय कळवायचं ते वाचायचे कष्ट कोण घेतो!

त्या दिवशी सकाळी एका मुलीनं प्रश्न टाकला. ती एका हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या रिपोर्टांचं सॉफ्टवेअर एकटी सांभाळते. दोन टेबलांवरून एकदम प्रिंट दिली की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावानं बाहेर येतो. 'दोनदा झालंय. दोन्ही वेळा नर्सनं पकडलं म्हणून निभावलं. आज खूप गर्दी आहे, भीती वाटतेय. कुणी बघाल का?' सोबत कोड, कधी होतं, कधी होत नाही, काय काय करून पाहिलं, सगळं नीट मांडलेलं. वाचून बरं वाटलं. कोड जरा निवांत बघू म्हटलं आणि मीटिंगला गेलो.

परत येऊन बघतो तर तिच्या प्रश्नाखाली उकिरडा झालेला. सासऱ्यांचा गुलाब. भाषावीराचं "भाषा बदला". त्यावर दुसऱ्या भाषेवाल्यानं काढलेली त्याची अक्कल. कोर्सवाल्याची जाहिरात. कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस आणि शुभेच्छांची ही रांग. 'मलाही कळवा' तर मोजवेनात. माझं डोकं सणकलं. सेटिंगमध्ये गेलो आणि करून टाकलं, 'फक्त ॲडमिन लिहू शकतात'. बसा आता बोंबलत!

लगेच सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, ग्रुप बिघडला का हो?"

"बिघडला नाही, बाबा. साफ करतोय."

"करा, करा. स्वच्छता हवीच."

मग मी नियमावली लिहायला बसलो. ऑफिसचं काम बाजूला सारलं. प्रश्नासोबत कोड द्या. काय करून पाहिलं ते सांगा. विषय सोडू नका. शुभेच्छा घरी द्या. प्रत्येक वाक्य घासूनपुसून लख्ख केलं. कोर्सवाल्याला एक चिमटा, भाषावीराला दोन. खरं सांगतो, मजा येत होती. चहा निवून गेला तरी कळलं नाही.

ऑफिस सुटायच्या वेळेला नियमावली टाकली आणि ग्रुप उघडला. टाळ्याच टाळ्या. "वा सर, कडक!" कोर्सवालाही म्हणाला, "याची गरज होतीच." कोडगेपणाची कमाल! एकालाही वाटलं नाही की हे आपल्याला आहे.

मग मी तिचा कोड उघडला. दोन मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात चूक दिसली. प्रत्येक रिपोर्ट आधी एकाच नावाच्या फाइलीत लिहिला जात होता आणि तिथून प्रिंटरकडे जात होता. दोघांनी एकदम प्रिंट दिली की एकाचा मजकूर दुसऱ्यावर चढणारच. दर वेळी फाइलीला वेगळं नाव द्यायचं, संपलं. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना हे सांगता आलं असतं. मला तर सकाळीच.

उत्तर टाकलं. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

'सर, धन्यवाद. चूक तीच होती. ग्रुप बंद होता म्हणून दुपारी कुणाला विचारता आलं नाही. तेवढ्यात पुन्हा झालं. एक आजी दुसऱ्याच कुणाचा वाईट रिपोर्ट घेऊन घरी गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं घर रडत होतं. चूक आमची आहे म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. तुमचे नियम वाचले, सर. मी ते सगळे पाळले होते.'

मी घरी निघालो होतो, ते ऑफिसच्या दारातच उभ्यानं वाचलं. शिसारी आली, आणि ती त्या लोकांची नव्हती.