आवाज जाण्यापूर्वीचे अकरा दिवस

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेसुद्धा नसेल. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अंगाने विटेएवढा, रंगाने काळा. माझे लाल बटण दाबले की मी ऐकू लागतो. ऐकलेले जपून ठेवणे, एवढेच मला येते.

कारखान्यात एका कामगार बाईने माझा शेवटचा स्क्रू पिळला आणि तोंड जवळ आणून "एक, दोन, तीन, चार" म्हटले. मी ते तिला जसेच्या तसे ऐकवले. "हुशार आहे," असे म्हणून तिने मला खोक्यात घातले.

पुढची वीस वर्षे मी लघुलेखनाच्या वर्गात काढली. सरांनी वाचलेला मजकूर मी पुन्हा पुन्हा ऐकवत असे आणि मुली तो झरझर लिहून घेत. निकाल चांगला लागला की सर माझ्या पाठीवरही थाप मारत. मग संगणक आले, वर्ग बंद पडला. सरांनी मला त्यांच्या सर्वांत वेगवान विद्यार्थिनीच्या हवाली केले. ती तेव्हा न्यायालयात लघुलेखिका झाली होती. तिच्या घरी मी कपाटावर चढलो, तो चौदा वर्षे खाली उतरलो नाही. एका कोळ्याने माझ्या मुठीला जाळे बांधून संसार थाटला. भिंतींना कान असतात म्हणतात. कान मलाही होते, पण माझ्याशी बोलायला कुणी येत नव्हते.

त्या घरात लघुलेखिकेचे वडील राहत. त्यांना सगळे अप्पा म्हणत. तरुणपणी ते पायदळात होते आणि एक युद्ध लढले होते. त्याविषयी ते चकार शब्द काढत नसत. कुणी खोदून विचारलेच तर म्हणत, "चाललो, चाललो आणि चाललो. पायदळ म्हणजे दुसरं काय?" आणि वर्तमानपत्रात डोके घालत.

एक दिवस त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही." शस्त्रक्रियेला अकरा दिवस उरले होते.

घरी येताच लेकीने त्यांच्यापुढे मोबाइल ठेवला. "अप्पा, जन्मभर मी परक्यांच्या साक्षी लिहिल्या. घरची तेवढी राहिली. आता बोला."

अप्पांनी मोबाइलकडे संशयाने पाहिले. "यात सगळं जग बसलंय. एवढ्या गर्दीत मला नाही बोलता यायचं."

तेव्हा तिला माझी आठवण झाली. मला खाली काढून तिने बटण दाबले, तर माझ्यातून भलतेच घोगरे सूर निघाले. ती मला तशीच रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेली. "पट्टा सैल पडलाय," तो म्हणाला. "माणूस बोलला तरी रेडा बोलल्यासारखं वाटेल." त्याने नवा रबरी पट्टा चढवला, माझे आतले अंग स्पिरिटने पुसले आणि मी पुन्हा माणसांत आलो.

अप्पांनी माझी चाके फिरताना पाहिली. "हां," ते म्हणाले, "बोललेलं कुठं जातंय ते दिसतंय तरी."

पहिले पाच दिवस ते रोज सकाळी बोलले. पायांना आलेले फोड, ओल्या मोज्यांचा वास, आठ जणांत फिरणारा एकच आरसा. त्यांच्या तुकडीतला एक गडी सगळ्यांची पत्रे लिहून देई, म्हणून त्याला पोस्टमन म्हणत. दुसरा ताडमाड उंच. तो लंब्या. त्याला खंदक नेहमी आखूड पडे, म्हणून तो स्वतःपुरता वीतभर जास्त खणून घेई. अप्पा आणि लंब्या एकाच ताटात जेवत. पण सांगता सांगता नाल्याकाठच्या पंपघराचा विषय निघाला की अप्पांचे बोट माझ्या बटणावर येई आणि मी बंद पडे. असे तीनदा झाले.

सहाव्या दिवशी अप्पांचा आवाज बसला. सातव्या दिवशी तो उमटेचना. लेकीने त्यांना वाफ दिली, जास्त बोलू दिले नाही. आठव्या दिवशी अप्पा स्वतः येऊन माझ्यासमोर बसले.

"एक खोटं बोललोय मी," ते लेकीला म्हणाले. "ते सोडवल्याशिवाय पुढचं बाहेर येणार नाही. मध्ये थांबलो तरी तू हे बंद करू नकोस."

आणि ते बोलले. भर दुपारी पंपघर सोडून मागे सरकताना लंब्याच्या पोटात गोळी लागली. अप्पांनी त्याला कोरड्या नाल्यात ओढले. वरून गोळीबार चालूच होता. दोघे तिथे चार तास पडून होते. लंब्याच्या खिशात त्याच्या थोरल्या बहिणीचे पत्र होते. तो फौजेत जायला निघाला तेव्हा ती रागाने त्याला निरोप द्यायला बाहेर आली नव्हती. त्याच रागात त्यानेही पाकीट फोडले नव्हते. "आता फोड," तो म्हणाला. पत्रात लिहिले होते, 'मी खिडकीमागे उभी होते. तू वळून पाहिलंस, ते मला दिसलं.'

संध्याकाळी निघण्याचा हुकूम आला. लंब्याला उचलून नेणे शक्य नव्हते. "तू जा. घरी सांग, चटकन गेला म्हणून," तो म्हणाला. अप्पांनी आपली पाण्याची बाटली त्याच्या उशाशी ठेवली. त्याचा श्वास चालू होता. सकाळी स्ट्रेचर घेऊन ते परतले, तेव्हा श्वास थांबला होता.

अप्पांनी बहिणीला कळवले, 'एका क्षणात गेला.' चार तासांचे सांगितले असते, तर तो जिवंत असताना सोडून आलो हेही सांगावे लागले असते. म्हणून पत्राचेही कधी सांगितले नाही. बावन्न वर्षे झाली.

सवयीने सगळे टिपून घेणाऱ्या लेकीची पेन्सिल थांबली होती. न्यायालयात ती कधी थांबत नसे. "ही कॅसेट त्यांच्या बहिणीला पाठवू?" तिने हळूच विचारले.

"पाठवायची नाही. बोलाव त्यांना. शिव्या द्यायच्या तर समोर बसून देऊ देत."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ती बहीण आली. ऐंशी उलटलेली, ताठ पाठीची. मला टेबलावर ठेवले. अप्पा समोर बसले. मी घाबरलो होतो, मित्रांनो. आवाज कितीही जड असला तरी वाटेत सांडता कामा नये. एकदाही न अडखळता मी सगळे ऐकवले.

तिने माझ्या थांबलेल्या चाकांकडे पाहिले. मग म्हणाली, "श्वास चालू होता?"

"होय, ताई."

ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "आणि पत्र?"

"दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. तिसऱ्यांदा वाचायला लागलो, तर म्हणाला, पुरे. पाठ झालं."

तिने पदराने डोळे पुसले. "मला वाटायचं, त्यानं ते फोडलंच नसेल," ती म्हणाली. "तुझा राग मला येणार आहे. आज नाही, पण येणार. तेव्हा येईन भांडायला."

"या, ताई," अप्पा खरखरीत आवाजात म्हणाले. "तुम्हीच जिंकाल. उद्यापासून माझ्याकडून उत्तर यायचं नाही."

रडता रडता ती हसली. तिचे ते हसू आणि अप्पांचे ते वाक्य माझ्यापाशी नाही, कारण तेव्हा माझे लाल बटण दाबलेले नव्हते. त्याची चुटपुट मला आजही आहे.

शस्त्रक्रिया पार पडली. अप्पा वाचले, आवाज गेला. लेकीने कॅसेटवरचे सगळे कागदावर उतरवले. अप्पांनी पेन्सिल घेऊन ते तपासले. एके ठिकाणी 'धाडसी' हा शब्द तिने मायेने घातला होता. त्यांनी तो खोडला आणि समासात लिहिले, 'मी असं म्हणालो नव्हतो.' गावच्या ग्रंथालयाने त्या कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या आणि मलाही एक टेबल दिले. आता तिथे दर सोमवारी कुणी ना कुणी बोलायला येते. अप्पा शेजारी बसतात. बोलणारा अडला आणि कुणी घाईने पुढचा प्रश्न विचारू लागले, की ते नुसता हात वर करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात न बोललेले कुणीतरी असेल. त्यांना विचारा. विचारून झाले की गप्प बसा, कारण प्रश्न सगळ्यांना येतात, वाट पाहणे थोड्यांनाच येते. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना धूळ खाऊ देऊ नका, आमचे पट्टे बदला. पण माणसांच्या बाबतीत त्याहून जास्त घाई करा. त्यांना नवा पट्टा मिळत नाही.

उद्या सोमवार. युद्धात जखमींची गाडी चालवणाऱ्या एक आजी येणार आहेत. कोरी कॅसेट घालून मी तयार आहे.